टेक्सास फ्लड कुणी डोक्यावर घेतं, कुणी नाक मुरडतं: ब्लूज अल्बमवरची मतं कशी चाळायची

अमेरिकन ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे वॉनचा 1983 चा पहिला अल्बम, टेक्सास फ्लड, हा असा प्रकार आहे की पाच ऐकणाऱ्यांना विचारलं तर पाच मतं मिळतात आणि पाचही जण हट्टाला पेटलेले असतात. एक म्हणतो यापुढे गिटार संपली, दुसरा म्हणतो रॉक गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सची कॉपी आहे, तिसऱ्याला सगळी गाणी एकसारखीच वाटतात, चौथा म्हणतो वाजवतो भारी पण गायला कशाला जातो, आणि पाचवा तर गाण्यांबद्दल बोलतच नाही, तो तारांचा गेज (म्हणजे जाडी) आणि ॲम्पचं मॉडेल सांगत बसतो. आता ज्याने इलेक्ट्रिक ब्लूज फारसं ऐकलेलंच नाही त्याने यातलं काय धरायचं नि काय सोडायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे की ही मतं सहसा खोटी नसतात, फक्त अर्धी असतात. बोलणाऱ्याच्या डोक्यात अल्बममधली एखादी ठराविक जागा असते आणि तो बोलतो मात्र अख्ख्या अल्बमबद्दल, त्यामुळे ती जागा शोधून काढली की मत कामाचं होतं. इथे टेक्सास फ्लडवर करून दाखवतो, रीत कुठल्याही ब्लूज गिटारिस्टच्या अल्बमला चालेल.

आधी एकदा गुपचूप ऐका

कुणाचंही काहीही ऐकून घ्यायच्या आधी अल्बम सलग एकदा ऐकून टाका, चाळीस मिनिटंसुद्धा नाहीयेत. क्रम बदलू नका, कारण हा एलपीच्या जमान्यातला अल्बम आहे, दोन बाजूंना पाच-पाच गाणी, आणि पहिली बाजू टेस्टिफायवर संपून दुसरी रूड मूडने सुरू होते ती उडी मुद्दाम तशी आहे. दुसरं म्हणजे आपल्याकडे कुठली आवृत्ती आहे ते बघा. मूळ अल्बममध्ये दहा गाणी, शेवटचं लेनी. 1999 मध्ये पुन्हा काढला तेव्हा मागे जादा ट्रॅक जोडले आणि 2013 च्या आवृत्तीत तर फिलाडेल्फियाची 1983 ची मैफलच दिलीये. त्यामुळे कुणी "फार लांबतो हो" म्हणालं तर आधी विचारा की बाबा तू नेमकं काय ऐकलंस. लेनी संपलं की थांबायचं, बाकीचं नंतर कधीतरी.

आणि फोनच्या स्पीकरवर तर मुळीच नको. टॉमी शॅननचा बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, तिथे गायबच होतो, ख्रिस लेटनच्या ड्रमचा नुसता टकटक आवाज उरतो, आणि मग साहजिकच वाटतं की एक माणूस एकटाच गिटार बडवतोय. या अल्बमला "नुसता आवाज आहे" म्हणणाऱ्यांतले बरेचसे मला तरी असेच ऐकणारे वाटतात. साधे वायरवाले इयरफोनही चालतील, फक्त बास ऐकू आला पाहिजे.

अल्बम झाला कसा एवढं माहीत असलं की अर्ध्या मतांचा उलगडा आपोआप होतो. जुलै 1982 मध्ये वॉन, शॅनन आणि लेटन हे तिघं स्वित्झर्लंडमधल्या माँत्रू महोत्सवात वाजवायला गेले तेव्हा त्यांच्याकडे रेकॉर्ड कंपनी नव्हती, अल्बम नव्हता, टेक्सासबाहेर कुणी फारसं ओळखत नव्हतं. तिथे दोन माणसं भेटली. एक ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी, त्याने नंतर आपल्या लेट्स डान्स अल्बमवर याला गिटार वाजवायला बोलावलं. दुसरा गायक-गीतकार जॅक्सन ब्राउन, त्याने लॉस एंजेलिसमधला स्वतःचा स्टुडिओ फुकट वापरायला दिला. नोव्हेंबरात हे तिथे गेले, तीनेक दिवस मिळाले, त्यातला बराच वेळ सामान लावण्यात गेला, आणि उरलेल्या वेळात तिघांनी एका खोलीत, क्लबमध्ये वाजवतात तसं एकत्र वाजवून दहा गाणी टेपवर उतरवली. तेव्हा त्यांच्या मनात हा फक्त डेमो होता. तो टेप जॉन हॅमंडच्या हातात पडला, म्हणजे ज्याने बिली हॉलिडे, बॉब डिलन, अरीथा फ्रँकलिन, ब्रूस स्प्रिंगस्टीन अशा लोकांना पुढे आणलं तोच हॅमंड, आणि एपिक कंपनीने जून 1983 मध्ये तो अल्बम म्हणून काढला.

त्यामुळे कुणी "कच्चा आहे, साफसफाई केलेली नाही" म्हणत असेल तर बरोबरच म्हणतोय, आणि कुणी "किती जिवंत वाटतं" म्हणत असेल तर तोही त्याच गोष्टीबद्दल बोलतोय. तुम्हाला ती गोष्ट आवडते का नाही एवढाच प्रश्न उरतो.

बोलणारा कुठून आलाय ते बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं. गिटार वाजवणारा माणूस या अल्बमबद्दल बोलतो तेव्हा तो खरं तर स्वतःच्या बोटांबद्दल बोलत असतो. प्राइड अँड जॉय घ्या. खालच्या जाड तारांवर चालणारा बास आणि त्याच वेळी प्रत्येक ठोक्याच्या मध्ये हात वर येताना पातळ तारांवर मारलेला छाट, ही दोन्ही कामं एकच उजवा हात करतोय, वर डाव्या हाताने नको त्या तारा दाबून गप्प ठेवायच्या, आणि हे सगळं झुलत राहिलं पाहिजे. ज्याने कधी प्रयत्न केलाय त्याला हे ऐकताना घाम फुटतो म्हणून तो "देव आहे देव" म्हणतो. तुम्ही गिटार वाजवत नसाल तर तुम्हाला तिथे फक्त एक मस्त पाय हलवायला लावणारं गाणं ऐकू येईल, आणि त्यात काही कमीपणा नाही. त्याच्या "देव आहे"मधला अवघडपणाचा भाग बाजूला काढा नि बघा, उरतं का काही? माझ्या मते उरतं, भरपूर उरतं, पण रूड मूडच्या बाबतीत हाच हिशोब केला तर मला तरी थोडं कमी उरलेलं वाटतं. वेग थक्क करणारा आहे, पण दुसऱ्या मिनिटानंतर मी कौतुक करत असतो, ऐकत नसतो.

दुसरा गट जुन्या ब्लूजवाल्यांचा. हे लोक मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, बी. बी. किंग ऐकून आलेले, त्यांना मोकळ्या जागा लागतात, एक सूर लावून गप्प बसणारा वादक लागतो. "फार वाजवतो, श्वास घेऊ देत नाही" हे मत बहुतेक तिथून येतं आणि ते गांभीर्याने घ्यावं. तिसरा गट रॉकवाल्यांचा, जे हेंड्रिक्सकडून इकडे वळतात, त्यांना सगळ्यात आधी हेंड्रिक्सच ऐकू येतो. बोवीमुळे आलेले वेगळेच, त्यांना लेट्स डान्समधला तो चिमटीत धरलेला नेमका सोलो हवा असतो आणि इथे अख्खं पातेलंच पालथं केलेलं दिसतं.

म्हणजे मत ऐकलं की पहिला प्रश्न, हा आधी काय ऐकत होता? प्रत्यक्ष विचारता आलं तर उत्तमच, नाहीतर तो तुलना कुणाशी करतोय त्यावरून कळतंच.

"सगळी गाणी सारखीच" हे तपासायचं कसं

ही तक्रार जवळजवळ प्रत्येक ब्लूज अल्बमबद्दल येते. ती झटकून टाकू नका, पण तशीच गिळूही नका. बसून तपासा.

आधी बारा बारची फेरी मोजायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. एक बार म्हणजे चार ठोके, आणि कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले काही सूर. पहिले चार बार घरच्या कॉर्डवर, मग दोन बार दुसऱ्या कॉर्डवर, परत दोन घरी, मग नवव्या बारला तिसरी कॉर्ड, दहाव्याला दुसरी, आणि अकरा-बारामध्ये घरी येऊन एक छोटी वळणाची लकेर, की पुन्हा पहिल्यापासून. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना हे लगेच जमतं, कारण समेची वाट बघायची सवय कानाला असतेच. अल्बमच्या नावाचं जे गाणं आहे, टेक्सास फ्लड, त्यावर मोजा, कारण ते संथ आहे, एका फेरीला पाऊण मिनिटाच्या आसपास लागतं. सुरुवातीला गिटारच बोलते, गाणं नंतर येतं. शब्दांची रचनाही या फेरीला बांधलेली असते. टेक्सासमध्ये पूर आलाय, टेलिफोनच्या तारा पडल्यात, हे एकदा म्हणायचं, तेच परत म्हणायचं, आणि तिसऱ्या ओळीत सांगायचं की तिला फोन लावतोय पण पलीकडून काही ऐकूच येत नाही. प्रत्येक ओळीनंतर जी जागा सुटते तिथे गिटार उत्तर देते. हे एकदा कळलं की मग "तेच तेच चाललंय" वाटत नाही, किंवा वाटलं तरी कशामुळे वाटतंय ते कळतं.

आता प्राइड अँड जॉय लावा आणि लगेच त्यामागे आय'म क्राइंग लावा. झालं का? इथे तक्रार करणाऱ्याला पूर्ण मार्क द्यायचे. तीच चाल, तोच झोका, नुसता मूड बदललाय, एक खुशीतला आणि एक रडगाण्याचा. दहा गाण्यांच्या अल्बममध्ये ही दोन्ही ठेवायची गरज नव्हती असं मला वाटतं. पण मग त्याच माणसाला डर्टी पूल ऐकवा, ज्यात गिटारवर सतत एक थरथरता, जलद पट्टा चालू राहतो नि त्यावर गाणं सरकतं. आणि त्यानंतर लेनी, त्यात गाणं नाहीच, कॉर्ड जवळजवळ जॅझच्या, आवाज स्वच्छ, आणि गिटारवरच्या ट्रेमोलो बार नावाच्या छोट्या दांडीने सूर हलकेच हलवलेले. प्राइड अँड जॉय, डर्टी पूल आणि लेनी हे तिन्ही सारखेच वाटत असतील तर त्या माणसाचं नि ब्लूजचं जमायचं नाही, सोडून द्या, वाद घालू नका.

तर ताळा असा: "सगळी सारखीच" नाही, दोन गाणी सारखी आहेत, आणि तीन-चार एकाच प्रकारच्या झोक्यावर आहेत. हे असं मत झालं की त्याचा उपयोग होतो.

"कॉपी आहे" म्हणणाऱ्यांचं काय करायचं

इथे थोडा वेळ द्या, कारण मजा इथेच आहे. दहातली चार गाणी मुळात दुसऱ्यांची आहेत आणि हे लपवलेलं वगैरे काही नाही. टेक्सास फ्लड हे 1958 मध्ये लॅरी डेव्हिसने ड्यूक रेकॉर्ड्ससाठी गायलं होतं आणि त्यावर गिटार होती फेंटन रॉबिन्सनची. टेल मी हे हाउलिन वुल्फचं. टेस्टिफाय आयझली ब्रदर्सचं, 1964 चं, आणि त्या मूळ रेकॉर्डिंगवर गिटार वाजवणारा पोरगा म्हणजे तेव्हा कुणालाच माहीत नसलेला जिमी हेंड्रिक्स. मेरी हॅड अ लिटल लॅम्ब हे ब्लूज गिटारिस्ट बडी गाय याचं, त्याच्या 1968 च्या अ मॅन अँड द ब्लूज या अल्बममधलं.

मूळ आणि नंतरचं असं जोडीने ऐका. क्रम महत्त्वाचा आहे, आधी वॉनचं, मग मूळ, मग परत वॉनचं. नुसतं मूळ आणि नंतर कॉपी असं ऐकलं की कान आधीच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला असतो.

लॅरी डेव्हिसचं ऐकलंत की एक गोष्ट ताबडतोब जाणवेल, ते गायकाचं गाणं आहे, गिटार बाजूला उभी राहून टिपणी करते. वॉनकडे ते गिटारचं गाणं झालंय. सूर कुठे ढकलतो ते जवळून बघायचं असेल तर गाण्याच्या ओळीनंतरचं एखादं उत्तर घ्या आणि तेवढंच परत परत लावा. तार बोटाने वर ढकलून तो सूर चढवतो, आपल्या भाषेत मींडच, आणि कोमल गंधारावरून निघून शुद्ध गंधारापर्यंत जातच नाही, मधेच कुठेतरी थांबतो. ती मधली जागा पेटीवर सापडणार नाही. ब्लूजचं सगळं दुखणं तिथे असतं. कधी तिथे पोहोचून थरथरवतो, कधी नुसतं स्पर्श करून सोडून देतो. आता फेंटन रॉबिन्सन हेच किती कमी जोर लावून करतो ते ऐका. दोघांच्या हाताचं वजन वेगळं आहे, आणि "कॉपी" हा शब्द मला तिथे लागू होताना दिसत नाही.

मेरी हॅड अ लिटल लॅम्बच्या बाबतीत मात्र मी तक्रारवाल्यांच्या बाजूने. बडी गायच्या मूळ रेकॉर्डवर सॅक्सोफोनची साथ आहे, एक खट्याळपणा आहे, गाणं आपल्याशी थट्टा करतंय असं वाटतं. वॉनचं चोख आहे, तालात आहे, पण थट्टा थोडी हरवलीये. उलट टेस्टिफायमध्ये त्याने गाणं काढून टाकून नुसती वाजवण्याची चीज केलीये आणि ते त्याचं स्वतःचं होऊन जातं, मूळ आठवतसुद्धा नाही.

आणि हेंड्रिक्स? हे मत खरं तर दुसऱ्या अल्बममुळे जास्त पसरलं असावं, 1984 च्या कुडन्ट स्टँड द वेदरमध्ये त्याने हेंड्रिक्सचं व्हूडू चाइल्ड सरळ सरळ घेतलं. या पहिल्या अल्बममध्ये हेंड्रिक्स शोधायचाच असेल तर लेनीत शोधा, तिथल्या कॉर्ड लावण्यात तो आहे. बाकी ठिकाणी ज्याचं ऋण सगळ्यात जास्त आहे तो माणूस म्हणजे जुना ब्लूज गिटारिस्ट आल्बर्ट किंग, आणि त्याचं नाव कॉपी-कॉपी ओरडणारे बरेचदा घेतच नाहीत, यावरूनच कळतं की त्यांनी मागचं किती ऐकलंय.

आवाजाबद्दल पटकन. वॉनचा आवाज मोठा नाही, घसा थोडा दाबून गातो, शब्द चावतो. लव्ह स्ट्रक बेबीवर ते खटकतं, आणि ते नेमकं पहिलंच गाणं आहे त्यामुळे कित्येकांचं मत पहिल्या दोन मिनिटांतच बनतं. माझ्या हातात असतं तर ते पहिलं ठेवलंच नसतं. "गाता येत नाही" म्हणणाऱ्याला डर्टी पूल ऐकवा, तिथे तोच दाबलेला घसा कामाला येतो. तरीही नाही आवडलं तर नाही आवडलं.

तारा, ॲम्प आणि इतर पुराण

काही लोकांचं मत म्हणजे निव्वळ सामानाची यादी. जाड तारा वापरायचा, 13 च्या गेजपासून सुरू होणारा सेट, जिथे बरेच जण 9 किंवा 10 वापरतात. गिटार अर्धा सूर खाली लावलेली. नंबर वन नावाची झिजलेली स्ट्रॅटोकास्टर गिटार. ट्यूब स्क्रीमर पेडल. जॅक्सन ब्राउनच्या स्टुडिओतला डंबल ॲम्प. हे सगळं खरं आहे, आणि ऐकणाऱ्याला त्यातलं उपयोगाचं एकच आहे: जाड तारेचा सूर भरीव येतो आणि अर्धा सूर खाली लावल्यामुळे त्या जाड तारा ढकलता येतात. बाकी यादी गिटारच्या दुकानात उपयोगी. तुम्ही स्वतः वाजवत असाल आणि कुणी सांगितलं म्हणून उद्या 13 चा सेट चढवणार असाल तर जरा थांबा, बोटं सोलून निघतील, त्याची स्वतःचीसुद्धा निघायची, आणि आवाज हातातून येतो हे तुम्हाला फार महागात कळेल.

लेनीबद्दल सांगताना लोक ती गिटारची गोष्ट सांगतातच, बायकोच्या नावावरून नाव, बायको आणि मित्रांनी पैसे काढून गहाणवटीच्या दुकानातून घेऊन दिलेली तपकिरी स्ट्रॅट, जी 2004 च्या लिलावात 6,23,500 डॉलरला गेली. गोष्ट छान आहे. पण "लेनी ऐकताना डोळ्यात पाणी येतं" असं कुणी म्हणालं तर हे पाणी गोष्ट ऐकून येतंय का गाणं ऐकून, तेवढं बघा. माझं म्हणाल तर गोष्ट माहीत नसणाऱ्या माणसाला ते ऐकवून बघावं, खरी परीक्षा तीच.

तसंच मृत्यूचं. 27 ऑगस्ट 1990 ला विस्कॉन्सिनमध्ये मैफल संपवून निघताना हेलिकॉप्टर कोसळलं, पस्तीस वर्षांचा होता. दारू-ड्रग्ज सोडून नीट उभा राहिला होता, इन स्टेप नावाचा अल्बम 1989 मध्ये येऊन गाजला होता. त्यानंतर त्याच्याबद्दल बोलणाऱ्यांचा सूरच बदलला, साहजिक आहे, गेलेल्या माणसाच्या पहिल्या अल्बमला कोण नावं ठेवणार. म्हणून जमलं तर त्याच्या हयातीतलं मत मिळवा, आणि एक मत तर चक्क रेकॉर्ड झालेलं आहे.

माँत्रू 1982. ती रात्र जास्त करून शांत, अकूस्टिक ब्लूजची होती आणि त्यात हे तिघं पूर्ण आवाजात घुसले, तर श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो केली. ही मैफल नंतर 1985 च्या माँत्रूसोबत एकत्र प्रसिद्ध झालीये आणि तो बू-बू आवाज त्यात स्पष्ट ऐकू येतो. टेक्सास फ्लड हेच गाणं त्यात आहे. अल्बमच्या रेकॉर्डिंगच्या चारेक महिने आधीचं, तीच माणसं, वाजवणंही तितकंच जबरदस्त. ते ऐका आणि मग 1985 मध्ये त्याच महोत्सवात त्याच माणसाचं झालेलं स्वागत ऐका. वादक तीन वर्षांत एवढा काही बदलला नव्हता, मधे अल्बम आला होता आणि लोक काय ऐकायला आलोय हे ठरवून आले होते. मतांचं काय होतं हे समजायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

आता तुमचं मत लिहा

"मस्त आहे", "ओव्हररेटेड", पाचपैकी चार स्टार, यातून पुढच्या माणसाला घंटा काही कळत नाही. तुम्ही चार गोष्टी सांगा, क्रम कसाही असू दे: आधी काय ऐकत होतात, कुठल्या गाण्यातली कुठली जागा, तिथे काय अपेक्षा होती आणि काय मिळालं. उदाहरणार्थ असं लिहिलं तर:

"मी मुख्यतः बी. बी. किंग ऐकतो. टेक्सास फ्लडच्या शीर्षकगीतात गाण्याच्या ओळींमधली गिटारची उत्तरं आवडली, पण सोलो सुरू झाला की तो जागाच सोडत नाही, मला एखादी फेरी तरी शांत हवी होती. लेनीत ती शांतता मिळाली. रूड मूड एकदा ऐकलं, पुन्हा लावणार नाही."

बघा, चार वाक्यं. हे वाचून रूड मूड आवडणाऱ्याला राग येणार नाही आणि बी. बी. किंग आवडणाऱ्याला कुठलं गाणं आधी लावायचं ते कळलं. भांडण होईल तेही त्या सोलोवर होईल, देव का कॉपी यावर होणार नाही.

दोन पथ्यं. एक, पहिल्या ऐकण्यात लिहू नका, आठवडाभर जाऊ द्या, मग कुठलं गाणं आपोआप गुणगुणतोय ते बघा. दुसरं, लाइव्ह ऐकलेल्याशी अल्बमची तुलना करताना तसं सांगा. मुंबईत मेहबूब स्टुडिओत 2011 पासून महिंद्रा ब्लूज होतो, पहिल्याच वर्षी बडी गाय येऊन गेला, तिथे उभं राहून ऐकलेल्या गिटारचा धक्का छातीत बसतो आणि तोच धक्का घरी अल्बमकडून मागितला तर अल्बम बिचारा हरणारच. तो धक्का हॉलचा, स्पीकरचा आणि गर्दीचाही असतो.

आणि अल्बम पचनी पडला की तिथेच अडकून राहू नका. शीर्षकगीत आवडलं असेल तर आल्बर्ट किंगचा 1967 चा बॉर्न अंडर अ बॅड साइन लावा, मग इन सेशन, जो डिसेंबर 1983 मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका टीव्ही स्टुडिओत आल्बर्ट किंग आणि वॉन समोरासमोर बसवून रेकॉर्ड केलाय, त्यात म्हातारा पोराला मधे मधे चिमटे काढतो ते बोलणंही आहे. मेरी हॅड अ लिटल लॅम्ब आवडलं तर सरळ बडी गाय. आवाज आणि गर्दी सोसली नसेल तर बी. बी. किंगचा लाइव्ह ॲट द रीगल, नोव्हेंबर 1964, शिकागो, तिथे एकेका सुरावर बायका किंचाळतात ते ऐका. आणि फक्त लेनीच आवडलं असेल, बाकी सगळं डोक्यावरून गेलं असेल, तर ब्लूजचा हट्ट सोडून वेस माँटगोमेरी लावा, तुम्हाला जॅझ गिटार हवीये.